चौदाची लांबी तीन

डलूथ, ४ नोव्हेंबर

डेन्झिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शेगडीत टाकणार असशील, तर निदान एवढा परिच्छेद वाचून टाक. मी मरायला टेकलेली नाही, माझं कुणी गेलेलं नाही आणि म्हातारपणी मला देवही भेटलेला नाही. बारा वर्षांनी पत्र येतं ते या तीनपैकी एका कारणाने, म्हणून आधीच सांगितलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला तुझी एक वही हवी आहे.

तुझा ईमेलचा पत्ता बंद आहे. तुझ्या चुलतबहिणीला फोन केला, तर ती म्हणाली, तू आता अगेट पॉइंटला वल्ही तासतोस, घरात संगणक ठेवत नाहीस आणि आठवड्यातून दोनदा टपाल आणायला गावात जातोस. वल्ही! कंपायलर लिहिणारा माणूस! मी ऐकून दहा मिनिटं हसले. मग विचार केला, वल्हं एकदा तासलं की झालं. दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती काढावी लागत नाही. तू शहाणा निघालास.

आपली टॅमरॅक अजून जिवंत आहे. तू गेलास तेव्हा आपल्या या भाषेत प्रोग्राम लिहिणारी चाळीस माणसं होती आणि ती कौतुक करायची. आता साडेतीन हजार आहेत आणि सगळी तक्रार करतात. म्हणजे भाषा मोठी झाली म्हणायची.

त्यातली एक तक्रार ऑगस्टमध्ये फोनवरून आली. ऐने सारेला नावाची बाई, इथून दोन तासांवर उत्तरेला लून नॅरोजमध्ये राहते. वय चौतीस, जन्मापासून आंधळी. पडद्यावरची अक्षरं तिचा संगणक तिला वाचून दाखवतो, तेही इतक्या भरधाव की मला चिमण्या भांडताहेत असं वाटतं. तिच्या गावात जानेवारीअखेर कुत्र्यांनी ओढायच्या स्लेडची, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीची, शर्यत असते. एकतीस चमू, तीन थांबे, आणि वाटेत मिळून अठरा तास विश्रांती सक्तीची; नाहीतर चमू बाद. कोण कधी आलं, कधी निघालं, किती झोपलं, हे सगळं मोजणारा प्रोग्राम ऐनेने टॅमरॅकमध्ये लिहिलाय. प्रत्येक थांब्यावर मिळेल तो संगणक: अग्निशमन केंद्रात लिनक्स, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे मॅक, शाळेच्या व्यायामशाळेत विंडोज.

गेल्या शर्यतीत शाळेच्या थांब्यावर दोन चमू आले. कुत्र्यांनी पेंढ्यात ताणून दिली, माणसांनी सूप प्यायलं, आणि प्रोग्राम म्हणाला की असे चमू नाहीतच. त्यांची विश्रांती धरलीच गेली नाही. दोघंही बाद. त्यातला चौदा नंबरचा चमू ऐनेच्या सख्ख्या बहिणीचा, लेम्पीचा.

मी फोनवर म्हटलं, "सोपं आहे. शंका असेल तिथे आकडे छापून बघ."

"छापले."

"मग?"

"नऊशे ओळी आल्या. तुम्ही नऊशे ओळींवरून नजर फिरवता. मला पहिलीपासून शेवटपर्यंत ऐकाव्या लागतात. दोनदा ऐकल्या. सगळं बरोबर आहे असंच ऐकू येतं."

"माझ्याकडे तर व्यवस्थित चालतोय तुझा प्रोग्राम."

"अभिनंदन," ती म्हणाली. "यंदाची शर्यत तुमच्याकडेच ठेवू या का?"

मला ती तिथेच आवडली. मग तिने विचारलं, "सिग्ने, टॅमरॅकला डीबगर का नाही? बाकी भाषांमध्ये चालता प्रोग्राम मधेच थांबवून त्याला विचारता येतं, बाबा रे, आत्ता तुझ्या हातात काय आहे? मला नऊशे ओळी नकोत. मला एक प्रश्न विचारायचाय आणि एक उत्तर ऐकायचंय."

मी सांगितलं की आमच्याकडे डीबगर होता, माझ्या सहकाऱ्याने (म्हणजे तू) लिहिलेला, पण पुढे टॅमरॅकचा सगळा साठा दुसरीकडे हलवताना तो हरवला.

तर तू आधी सगळं वहीत लिहायचास, हिरव्या पुठ्ठ्याच्या. ती वही असेल तर पाठव. टपालखर्च माझा. नसेल तर तसं कळव, म्हणजे मी नव्याने डोकं फोडायला मोकळी.

सिग्ने

ता.क. तुझ्या गुडघ्याचं काय झालं?


डलूथ, २२ नोव्हेंबर

डेन्झिल,

तुझं कार्ड मिळालं. एका बाजूला दीपगृहाचं चित्र, दुसऱ्या बाजूला एकच शब्द: "हरवला?"

बारा वर्षांनी एक शब्द, त्यातही प्रश्नचिन्ह. कंजूष कुठला.

ठीक आहे. हरवला नाही. मी काढला. आवृत्ती बाहेर काढायची तारीख जाहीर झाली होती, तुझा भाग अर्धवट होता, एका यंत्रावर तो घातला की सगळी बांधणीच कोसळायची. म्हणून तात्पुरता काढला. पुन्हा घालणार होते. राहून गेलं. झालं समाधान?

आता इकडची बातमी ऐक. तुझी वही येईल या आशेवर हात जोडून बसायला वेळ नव्हता, म्हणून मी स्वतःच सुरुवात केली. एकसष्टाव्या वर्षी डीबगरचा श्रीगणेशा! लिनक्स दहा दिवसांत झालं. मॅक आणखी चार दिवसांत. विंडोजने मात्र रडवलंय.

गेल्या शनिवारी ऐने स्वतः आली. गाडी लेम्पी चालवत होती. लेम्पी म्हणजे सहा फुटी बाई, अंगाला कुत्र्यांचा वास, हात बघून तू तिला लगेच वल्ह्यांच्या कामाला घेशील. येताना दोघींनी जंगली तांदळाचं सूप आणलं होतं. मी कॉफी ठेवली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरच दोन लॅपटॉप मांडले.

लेम्पी म्हणाली, "मला एकदा माणसाच्या भाषेत सांगा, तुम्ही दोघी करताय काय?"

मी सांगितलं, "कंपायलर तुझ्या बहिणीचा प्रोग्राम घेतो आणि यंत्राला कळेल असा करतो. तसं करताना त्याने सोबत एक नकाशा लिहून ठेवायचा असतो. ही ओळ यंत्रात कुठे गेली, 'चमूचा नंबर' असं जिला नाव दिलं ती किंमत कुठल्या घरात राहते. डीबगर तो नकाशा वाचून उत्तरं देतो."

"मग लिहा की नकाशा."

"लिहिला. लिनक्स आणि मॅक एकाच लिपीतला नकाशा वाचतात. मॅकला तो फक्त वेगळ्या पाकिटात घालून द्यावा लागतो. विंडोजची लिपीच निराळी."

"तीन थांबे, तीन तऱ्हा," लेम्पी म्हणाली. "आमच्या कुत्र्यांसारखंच. एकाला मासा, एकाला मांस, एक नुसता बघत बसतो."

ऐनेने विंडोजवर प्रोग्राम थांबवला. थांबला! बरोबर त्या ओळीवर थांबला. मी टाळी वाजवली. मग तिने विचारलं, चमूचा नंबर काय? यंत्राने वाचायला सुरुवात केली: चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख...

"एवढ्या चमूंना पेंढा कोण पुरवणार?" लेम्पी म्हणाली, आणि आम्ही तिघी खूप हसलो. पण हसून झाल्यावर मी बाकीचे आकडेही विचारून बघितले. नावं बरोबर, ओळी बरोबर, किमती मात्र साऱ्या कचरा.

निघताना लेम्पी गाडी गरम करायला बाहेर गेली, तेव्हा ऐनेने मला सांगितलं. शर्यतीच्या समितीचे अध्यक्ष व्हर्जिल ओस्टबी म्हणून आहेत, सत्तरीचे, मनाने चांगले. तेरा जानेवारीला शाळेत प्रोग्रामची चाचणी आहे. त्यात गफलत झाली तर यंदापासून पुन्हा कागद आणि पेन्सिल. व्हर्जिल तिला म्हणाले, "ऐने, तू तुझ्या परीने केलंस गं. ज्याला दिसत नाही त्याने आणखी किती करायचं?"

"राग नाही आला?" मी विचारलं.

"राग लेम्पीला आला. मला भीती वाटली," ती म्हणाली. "कागद मला वाचता येत नाही, सिग्ने. कागद आला की मी त्या शर्यतीतून बाहेर. मग मी व्यायामशाळेत बसून सूप वाढायचं."

वही असेल तर पाठव, डेन्झिल. मी विनंती करतेय. मला ती नीटशी जमत नाही हे तुला ठाऊक आहे.

सिग्ने


डलूथ, ९ डिसेंबर

डेन्झिल,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मागचं पत्र मी पुन्हा आठवून बघितलं. अर्ध्या सत्याला इतका छान शर्ट घातला होता की मलाच ते पूर्ण वाटलं.

परवा फोनवर ऐनेने विचारलं, "तो तुमचा सहकारी सोडून का गेला?"

मी म्हटलं, "घरच्या अडचणीमुळे."

ती म्हणाली, "हे वाक्य तुम्ही खूप वेळा म्हटलेलं दिसतंय. एकदम पाठ झालंय."

तिच्या कानांपुढे काही लपत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खरंच आहे. म्हणून आता सगळं लिहिते.

तुझ्या डीबगरने पहिल्या आठवड्यात माझ्या कंपायलरमधल्या नऊ चुका उघड्या केल्या. तू त्या मला सांगितल्यास त्या अगदी सहज, ती तुझी मांस-बटाटा भरलेली पॅस्टी खाता खाता, जणू बाहेर बर्फ पडतंय असं सांगावं तसं. मी पण हसून "बघते" म्हटलं. पण मला झोंबलं. तोवर मी सगळ्यांना सांगत फिरायचे, डीबगर लागतो तो कच्च्या माणसांना. ज्याला आपला प्रोग्राम कळतो त्याला आकडे छापून पुरतं. तुझा डीबगर बाहेर गेला असता तर त्या चाळीस जणांना माझी एकेक चूक थांबवून, उजेडात धरून बघता आली असती.

मग तुझी आई आजारी पडली आणि तू तीन आठवड्यांसाठी कीविनॉला गेलास. बांधणी कोसळायची हे खरं होतं. पण दुरुस्ती दोन दिवसांची होती आणि तारीख पुढे ढकलता आली असती. मी ढकलली नाही. तुला फोन केला नाही. तुझा सगळा भाग काढला. नुसता काढला असता तर तो जुन्या नोंदींत तरी राहिला असता, पुन्हा मिळाला असता. मी त्या नोंदीही खरवडून साफ केल्या. त्यासाठी मला एक अख्खी दुपार लागली, म्हणजे हे चुकून झालं असंही म्हणता येणार नाही.

तुला ते आवृत्तीच्या घोषणेत वाचायला मिळालं. आईला पुरल्यानंतर चौथ्या दिवशी. मी तारीख मोजली आहे.

तू आला नाहीस, काही बोलला नाहीस, एक ओळ लिहिली नाहीस. आणि मी सगळ्यांना सांगितलं, घरच्या अडचणीमुळे.

तुझ्या आईला मी चार वेळा भेटले असेन. त्या मला "तू फार भराभर बोलतेस" म्हणायच्या. मी अंत्ययात्रेलाही आले नाही.

वही मागत नाही. हे पत्र वहीसाठी नाही.

सिग्ने


डलूथ, १४ जानेवारी

डेन्झिल,

वही पोचली! तीन तारखेला, तपकिरी कागदात, दोऱ्याने इतकी घट्ट बांधलेली की मला कात्री घ्यावी लागली. पत्र नाही, चिठ्ठी नाही, फक्त एका पानात लाकडाची पातळ ढलपी खूण म्हणून घातलेली. एकसष्टावं पान. तुझं बारीक अक्षर: "विंडोज. बोलावणाऱ्याने चार घरं रिकामी सोडायची असतात. मोजणी त्यांच्या पलीकडून. सिग्नेला सांगणे."

मी खुर्चीत बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. एक काम दुसऱ्या कामाला बोलावतं तेव्हा विंडोजवर त्याने पाहुण्यासाठी चार घरं मोकळी ठेवायची, ही त्या गल्लीची रीत. आपला कंपायलर ती इमानदारीत ठेवतोय, पण नकाशा लिहिताना मी ती घरं धरलीच नव्हती. त्यामुळे माझा पोस्टमन प्रत्येक पत्र चार घरं अलीकडे टाकत होता! पाच ओळी बदलल्या. डेन्झिल, पाच ओळी. सहा आठवडे मी विंडोजला शिव्या घालत होते आणि बिचाऱ्याचा काडीचाही दोष नव्हता.

"सिग्नेला सांगणे" या शब्दांकडे मी बराच वेळ बघत होते. त्या पानावरची तारीख तू आईकडे जाण्याच्या आदल्या आठवड्यातली आहे. त्याबद्दल आणखी काही लिहीत नाही, लिहिता येत नाही.

आता कालची गोष्ट. चाचणीचा दिवस. मी सकाळीच निघून लून नॅरोजला गेले. व्यायामशाळेत बास्केटबॉलच्या जाळीखाली टेबल, त्यावर शाळेचा तो विंडोज लॅपटॉप. व्हर्जिल ओस्टबी चष्मा लावून समोर. लेम्पी भिंतीला टेकून उभी, हाताची घडी, जणू व्हर्जिलना चावायला सोडलेली. ऐनेने गेल्या वर्षीची यादी, याच लॅपटॉपवर होती ती जशीच्या तशी, उघडली आणि चौदा नंबर टाइप केला.

प्रोग्राम म्हणाला, असा चमू नाही.

"बघ," व्हर्जिल हळूच म्हणाले. "तेच."

"तेच व्हायला हवं होतं," ऐने म्हणाली. "आता मी त्याला थांबवते."

तिने प्रोग्राम थांबवला, बरोबर दोन नंबर ताडून बघतात त्या ओळीवर. आवाज मोठा केला, वेग कमी केला, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा.

टाइप केलेला नंबर काय? यंत्र म्हणालं, चौदा.

यादीतला नंबर काय? चौदा.

चार अब्ज नाही! मी लेम्पीकडे बघितलं, तिने अंगठा वर केला.

दोन्ही सारखे आहेत का? यंत्र म्हणालं, नाहीत.

"यंत्रच बिघडलंय," व्हर्जिल म्हणाले. "चौदा आणि चौदा सारखे नाहीत म्हणे."

ऐनेने कान टवकारले. मान तिरकी करून, दूरची गाडी ऐकावी तशी. मग तिने विचारलं, टाइप केलेल्या नंबरची लांबी किती?

दोन.

यादीतल्या नंबरची लांबी किती?

तीन.

मी खुर्ची मागे सारून उठले. कारण मला कळलं होतं. व्हर्जिल पुढे झाले, चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. "एक आणि चार. दोनच अक्षरं आहेत. मला इथे तिसरं काही दिसत नाही."

"मलाही नाही," ऐने म्हणाली. "पण मी विचारलं."

लेम्पी इतक्या जोरात हसली की बाहेर गाडीतली कुत्री भुंकायला लागली.

प्रकार असा झाला होता. यादी अग्निशमन केंद्रातल्या लिनक्सवर तयार झाली. तिथे ओळ संपली की शेवटी एक खूण पडते, न दिसणारी. लेम्पी आणि तो दुसरा माणूस, दोघांनी नावं शेवटच्या दिवशी दिली. लेम्पीची कुत्री व्यायली होती म्हणून तिला उशीर झाला. ती दोन नावं शाळेतल्या या लॅपटॉपवर यादीत घातली गेली, आणि इथे ओळीच्या शेवटी दोन खुणा पडतात. टॅमरॅकमधलं ओळ वाचणारं काम त्यातली एकच खूण कापतं. दुसरी नंबरला चिकटून राहते. छापलं तर दिसत नाही, वाचून दाखवलं तर ऐकू येत नाही. बाकी थांब्यांवर ती दोन नावं तिथल्या तिथे हाताने घातली होती, म्हणून तिथे काही अडलं नाही. आणि मी "माझ्याकडे चालतंय" म्हणत होते ते का? कारण मी आळस करून यादी माझ्या यंत्रावर हातानेच पुन्हा टाइप केली होती!

ते ओळ वाचणारं काम कुणी लिहिलं होतं, हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. "मी," मी म्हटलं. "पंधरा वर्षांपूर्वी. ऐनेच्या प्रोग्राममध्ये चूक नव्हतीच. चूक माझ्या भाषेत होती."

व्हर्जिलनी चष्मा खिशात घातला. मग ते ऐनेकडे वळून म्हणाले, "गेल्या वेळी मी तुला जे बोललो ते मूर्खपणाचं होतं."

"हो, होतं," ऐने म्हणाली. "कॉफी आणा, मग बघू."

आणली बरं का त्यांनी. बिस्किटंही आणली.

मी तिथेच बसून ते काम दुरुस्त केलं. ऐनेने एकतीसच्या एकतीस नंबर टाकून बघितले. लागले सगळे.

पुढच्या आठवड्यात नवी आवृत्ती काढते आहे, तिन्हीकडे चालणाऱ्या डीबगरसह. घोषणेचा मसुदा सोबत जोडलाय. त्यात लिहिलंय की हा डीबगर मुळात डेन्झिल ट्रेगियर यांचा. ते आईच्या शेवटच्या दुखण्यात असताना सिग्ने ऑसलंडने त्यांना न विचारता तो काढून टाकला, त्याच्या नोंदीही पुसल्या. ते त्यामुळे गेले आणि सिग्नेने खोटं कारण सांगितलं. तुला नको असेल तर तुझं नाव खोड. काही चुकलं असेल तर दुरुस्त कर. तुझं उत्तर येईपर्यंत मी आवृत्ती थांबवते. या वेळी तारीख पुढे ढकलता येते, मी बघितलंय.

सिग्ने


डलूथ, ६ फेब्रुवारी

डेन्झिल,

आधी शर्यत, कारण ऐनेने बजावलंय की तुला कळवायचंच.

लेम्पी नववी आली. पाचवी आली असती, पण दुसऱ्या थांब्याच्या पुढे एक मूस, घोड्यापेक्षा उंच असा रानटी हरणाचा नर, वाटेत आडवा उभा राहिला आणि त्याला शर्यतीशी काही घेणंदेणं नव्हतं. चाळीस मिनिटं सगळे त्याच्या तोंडाकडे बघत उभे. तिची विश्रांती भरली अठरा तास चार मिनिटं, आणि शाळेच्या थांब्यावर लॅपटॉपने ती पहिल्या झटक्यात मोजली. व्हर्जिलनी भोंग्यावरून जाहीर केलं की यंदा वेळेची सगळी जबाबदारी ऐने सारेला यांच्याकडे होती, काही तक्रार असेल तर त्यांच्याकडे जावं. एकच तक्रार आली. एकाचं म्हणणं, प्रोग्रामने त्याची झोप कमी धरली. ऐनेने प्रोग्राम थांबवला, त्याला त्याची येण्याची वेळ ऐकवली, निघण्याची ऐकवली आणि विचारलं, "यातली कुठली खोटी?" गडी सरळ सूप घ्यायला गेला.

आता तुझं पाकीट.

मसुदा परत आला तो मी दारातच, उभ्या उभ्या उघडला. सगळा कागद वाचला. तू एकच वाक्य खोडलंस. "ते त्यामुळे गेले" यावर पेन्सिलीने रेघ आणि खाली: "ते गेले, कारण समोर बसून भांडायची त्यांच्यात हिंमत नव्हती."

डेन्झिल, मी ते वाचून टेबलावर डोकं ठेवलं आणि रडले. हसत होते की रडत होते, शेजारीणबाईंना विचारलं तर त्यांना दोन्ही ऐकू आलं म्हणे. बारा वर्षं मी समजत होते की तू गप्प राहून मला शिक्षा देतोस. तूही स्वतःवर चिडून बसला असशील, हे कधी डोक्यातच आलं नाही.

वाक्य तू लिहिलंस तसंच छापलं. मधल्या दिवसांत साडेतीन हजारांपैकी दोनशेजणांनी पत्रं पाठवली. निम्मी तुझं अभिनंदन करणारी, उरलेली मला बोलणारी. सगळी बांधून पाठवते, थंडीत वाचायला होतील.

आणि मागोमाग परवा आलेलं तुझं दुसरं पान! म्हणे संगणक ठेवत नाही. गावच्या वाचनालयात जाऊन, सार्वजनिक यंत्रावर बसून, ग्रंथपालबाईंची परवानगी काढून तू नवी आवृत्ती चालवून बघितलीस आणि चुकांची यादी केलीस. तेवीस! क्रमांक घालून! शेवटी आणखी एक ओळ: "वीस तारखेनंतर चार दिवस मोकळा आहे. रस्ते उघडे असतील तर येऊ का?"

यादी मी तीनदा वाचली. बावीस चुका मान्य. तिसरी आणि अकरावी तर लाजिरवाण्या आहेत, कालच दुरुस्त केल्या. पण सातवी ही चूक नाही. अजिबात नाही. तू म्हणतोस, कंपायलरने गाळून टाकलेली किंमत डीबगरमध्ये विचारली तर "माहीत नाही" असं सांगावं. मी म्हणते, शेवटची ठाऊक असलेली किंमत दाखवावी. ऐने तुझ्या बाजूने आहे, लेम्पीला विषय कळलेला नाही तरी तीही तुझ्याच बाजूने आहे. मला फरक पडत नाही.

वरची खोली झाडून ठेवली आहे. शेगडी पेटते, खिडकीतून तळं दिसतं. पॅस्टी तू आण, मला ती कधीच नीट जमली नाही. सोबत वही आण, पेन्सिल आण आणि सातव्या चुकीवर तुझ्याकडे असतील नसतील तेवढे मुद्दे आण. मी टेबलाच्या या बाजूला बसेन, तू त्या बाजूला बस, आणि जोवर एकाचं म्हणणं दुसऱ्याला पटत नाही तोवर कुणी उठायचं नाही.

सिग्ने